जर्सी सिटीच्या घराबद्दल

२० एप्रिल २०२६

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

"तुला योग्य वाटेल ते कर," असं बाबा हॉस्पिटलमधून म्हणाले होते. ते दमून म्हणाले होते, हे मला आवाजावरून कळलं होतं. तरी मी ते शब्द धरले, आणि तुम्ही दिलेल्या मुखत्यारपत्रावर, भाड्याने दिलेल्या जर्सी सिटीच्या घराच्या विक्री करारावर सही केली. वकिलांच्या तपासणीचे तीन दिवसही होऊन गेलेत. क्लोजिंग, म्हणजे विक्री पूर्ण व्हायचा दिवस, १४ मेला आहे. आई, तू रागावशील हे गृहीत धरून लिहितेय. पण दोन स्टेंट घातलेल्या माणसाने फेब्रुवारीत दुसऱ्याच्या दारातला बर्फ उपसायचा, आणि रात्री दोनला भाडेकरूच्या बॉयलरसाठी टर्नपाइक हायवेवर गाडी घालायची, हे मला आता बघवत नाही.

तुमचं राहतं एडिसनचं घर तसंच आहे. बाबांची खिडकीजवळची खुर्ची, तुझा तुळशीचा कट्टा, सकाळचा दोन वेळचा चहा, यातलं काही हलणार नाही. महिन्याचं भाडं यायचं तसं काही ना काही येत राहील, हे बघूनच मी पुढे गेले.

नुसतं विकलं असतं तर काय झालं असतं ते आधी सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशाला ते कळेल. छप्पर-बॉयलरचे खर्च सोडून सोपा हिशेब मांडते. १९८८ ची खरेदी १ लाख ८० हजार डॉलरची. त्यातली जमीन ४० हजार, इमारत १ लाख ४० हजार. इमारतीचा घसारा, म्हणजे दरवर्षी भाड्यातून वजा होणारी झीज, साडेसत्तावीस वर्षांत घेऊन संपतो. वरच्या मजल्याचा केव्हाच संपला, खालचा आपण १९९६ ला सोडून भाड्याने दिला म्हणून त्याचा २०२४ मध्ये. म्हणजे कराच्या दृष्टीने घराची किंमत उरली ४० हजार. विक्री ९ लाखांची. कमिशन, ट्रान्सफर फी, वकील मिळून ५० हजार वजा करा. ८ लाख ५० हजारांतून ४० हजार गेले की नफा ८ लाख १० हजार. त्यातल्या घसाऱ्याच्या १ लाख ४० हजारांवर २५ टक्क्यांपर्यंत कर. बाकीच्यातला काही भाग १५ टक्क्यांत, वरचा २० टक्क्यांत. शिवाय जोडप्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की ३.८ टक्क्यांचा अधिभार. न्यू जर्सी तर अशा नफ्याला वेगळा कमी दर देतच नाही. सगळं मिळून दोन लाख डॉलरच्या वर जातात. आणि उत्पन्न एका वर्षात असं फुगलं की दोन वर्षांनी, २०२८ मध्ये, तुम्हा दोघांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पार्ट बी (डॉक्टर) आणि डी (औषधं) चे हप्ते वरच्या टप्प्यात. घर विकलं म्हणून उत्पन्न वाढलं, हे कारण तिथे सहसा चालत नाही.

म्हणून अमेरिकेच्या करकायद्यातली कलम १०३१ ची अदलाबदल. भाड्याची मालमत्ता देऊन गुंतवणुकीचीच दुसरी मालमत्ता घेतली, तर कर आत्ता भरावा लागत नाही, पुढे ढकलला जातो. तो माफ होत नाही. कराच्या हिशेबातली ती ४० हजारांची किंमत नव्या मालमत्तेच्या पाठीला चिकटून येते. पूर्वी यंत्रं, गाड्यासुद्धा अशा बदलता यायच्या. २०१८ पासून फक्त स्थावर राहिलं.

बाबा, पुढचं तुम्हाला लागेल, म्हणून हळूच सांगते. या पैशातून पुण्याचा फ्लॅट घेता येणार नाही. अमेरिकेतल्या मालमत्तेच्या बदल्यात अमेरिकेतलीच मालमत्ता लागते, परदेशातली चालत नाही. (भारतानेही घर विकून घर घेण्यावरची करसवलत, तेव्हाचं कलम ५४, २०१४ च्या दुरुस्तीत भारतातल्याच घरापुरती ठेवली.) कर्वे रोडचा विचार सोडून द्या असं मी म्हणत नाही. तो तुमच्या बचतीतून करू, निवांत बसून.

आता तारखा. फ्रिजवर लावा. १४ मेपासून ४५ दिवस म्हणजे २८ जून. त्या रात्री बारापर्यंत आपण काय घेणार त्याची यादी लेखी, सहीनिशी द्यायची. २८ जूनला रविवार आहे, पण मुदत सोमवारवर जात नाही. आणि १८० दिवस म्हणजे १० नोव्हेंबर, तोपर्यंत खरेदी पूर्ण. दोन्ही मुदती १४ मेपासूनच मोजतात, ४५ अधिक १८० असं नाही. सरकारने आपत्ती म्हणून मुदत वाढवली तरच सूट. विक्री ऑक्टोबरच्या मध्यानंतर झाली असती तर १८० दिवसांच्या आधीच रिटर्न भरायचा १५ एप्रिल आडवा आला असता आणि रिटर्नची मुदतवाढ मागावी लागली असती. ते टाळायलाच मेमधली तारीख धरली.

पैसा तुमच्या हातात येता कामा नये, एक दिवससुद्धा. तो 'क्वालिफाइड इंटरमीडियरी' या त्रयस्थ मध्यस्थाकडे, म्हणजे क्यूआयकडे राहतो. क्यूआयशी करार क्लोजिंगच्या आधी व्हायला हवा, नंतर केला तर सगळं फुकट. मला क्यूआय होता येत नाही, कारण मी तुमची मुलगी. तुमच्या सीपीएलाही, म्हणजे रिटर्न भरणाऱ्या अकाउंटंटलाही नाही, कारण गेल्या दोन वर्षांत त्याने तुमचं काम केलंय. क्यूआय निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून बसले: तुमचा पैसा तुमच्या नावाच्या वेगळ्या एस्क्रो (राखून ठेवलेल्या) खात्यात, आणि तुमच्या सहीशिवाय हलणार नाही. २००८ मध्ये लँडअमेरिकाच्या अशा कंपनीने दिवाळं काढलं, तेव्हा लोकांचे पैसे ऐन मुदतीत अडकले होते.

भाडेकरूंचं डिपॉझिट क्लोजिंगच्या हिशेबात वळतं करू देऊ नका. ते वेगळ्या चेकने द्या, नाहीतर तेवढी रक्कम तुमच्या हाती आली असं धरून त्यावर कर लागू शकतो. गाडीसाठी ३० हजार काढून घ्यायचा विचारही नको, तेवढ्यावर कर बसेलच. यादी दिल्यानंतर क्यूआयकडे मधेच "थोडे द्या" म्हणताही येत नाही.

यादीत किंमत कितीही असली तरी तीन मालमत्ता देता येतात. मी अशा धरल्यात. एक, मेट्रोपार्क स्टेशनजवळचा लिफ्टचा काँडो, म्हणजे फ्लॅट, साडेतीन लाखांपर्यंत. दोन, डीएसटी म्हणजे डेलावेअर स्टॅच्युटरी ट्रस्ट, अनेकांच्या पैशातून मालमत्ता धरणारा ट्रस्ट, त्यातला पाच लाखांचा हिस्सा. तीन, दुसरा एक डीएसटी, काँडो हातचा गेला तर. डीएसटीची खरेदी काही दिवसांत होते, म्हणून तो मागे हवाच. २००४ पासून आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, असा हिस्सा थेट मालमत्तेसारखा धरते. तुमचं कर्ज कधीच फिटलंय, त्यामुळे नवं कर्ज घ्यायची गरज नाही. फक्त साडेआठ लाख पूर्ण गुंतले पाहिजेत, आणि नव्या दस्तावर तुमची दोघांची नावं आत्ता आहेत तशीच हवीत.

सगळे पैसे डीएसटीत का नाही, असं बाबा विचारतील. त्यात ना नळ, ना भाडेकरू. पण पाच-दहा वर्षं पैसे काढता येत नाहीत, आणि महिन्याची रक्कम हमखास नसते. काँडो विकता तरी येतो. काँडोचं काम मॅनेजमेंट कंपनी बघेल, बाबा नाही. पुढे जिने नकोसे झाले तर तुम्हीच तिथे राहा. मात्र आधी किमान दोन वर्षं तो बाजारभावाने भाड्याने हवा. राहायला गेल्यावर विकायचा झाला, तर घेतल्यापासून पाच वर्षं झाल्याशिवाय राहत्या घराची करसूट नाही.

दादाचं डॅलसचं घर घ्यायची आईची कल्पना मला आवडली होती. पण जवळच्या नात्यात खरेदी केली आणि दादाच्या हाती रोख गेली, तर बहुधा अदलाबदलच रद्द होते. आणि "तुझ्याच नावावर करून टाकू" हे आता पुन्हा म्हणू नका. बक्षीस दिलं की कराच्या हिशेबातली तीच ४० हजारांची किंमत माझ्याकडे येते, आणि ढकललेला करही. तुमच्याच नावावर राहिलं, तर पुढे कधीतरी (खूप पुढे, हे लिहिताना माझा हात थांबतोय) किंमत त्या दिवसाच्या भावाने धरतात आणि ढकललेला कर उरत नाही. तुम्ही शंभर वर्षं भाडं खा. मला तेच हवंय.

आता ऐका. शिडीवर चढायचं नाही. गोळ्यांचा डबा आईने भरायचा, बाबांनी नाही. पैसे पाठवायच्या सूचना ईमेलने आल्या, तर क्यूआयला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आकडे वाचून घ्यायचे. ईमेलमधल्या नंबरवर नाही. माझ्याशी बोलल्याशिवाय कशावर सही नाही. पुढच्या वर्षीच्या रिटर्नला अदलाबदलीचा फॉर्म ८८२४ जोडायचा आहे, ते मी सीपीएला कळवलंय.

मी ८ मेला येते. तळघरातली ट्रंक तोवर उघडू नका, उचलू तर नकाच. दारावरची उंचीची पेन्सिलची रेघोटी आहे ती चौकट खरेदीदाराने काढून न्यायला दिलीय, करारात लिहून घेतलंय.

तुमची,
चिऊ