पुढची खोली आता मुलांची

बडोदे, फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिली असतीस. बाबांनी लगेच कागद-पेन्सिल घेऊन आमच्या घराचा हिशोब मांडला असता. म्हणून पत्र लिहिते आहे. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा. मी शाळेची नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झाला, पीएफचे कागद भरून झाले आणि आमच्या पुढच्या खोलीत मुलांचे वर्ग सुरूही झाले. पाच ते दहा वर्षांची मुलं येतात. त्यांना प्राण्यांबद्दल सांगायचं आणि जे सांगितलं ते त्यांच्याच हातांनी करून घ्यायचं, काड्यापेट्या, चिमटे, सुतळी, रद्दी असल्या वस्तूंमधून. आता हेच माझं काम.

आधी बाबांच्या प्रश्नांची उत्तरं. घराचा हप्ता ह्यांच्या पगारातून जातो, तो तसाच जाणार. चिकूची वर्षाची फी भरलेली आहे. माझा विमा चालू आहे. खोलीला भाडं नाही, सामान मंगळ बाजारात स्वस्त मिळतं आणि निम्मं तर घरातलंच असतं. पालक पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच देतात, मागे लागावं लागत नाही. काकांच्या दुकानाचं जे झालं ते इथे होणार नाही, कारण मी कुणाकडून एक पैसाही उसना घेतलेला नाही. सासूबाईंना विचारूनच खोली घेतली. त्या स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मुलांकडून चपला ओळीत लावून घेतात. आणि आई, हे तुझ्यासाठी: आता सकाळची धावपळ नाही. दुपारी ताटावर बसून गरम वरण-भात जेवते. पाठीची ती कळ पुन्हा आलेली नाही.

नोकरी वाईट नव्हती, माणसंही चांगली होती. पण वर्गात मुलं इतकी की जिराफ शिकवायचा म्हणजे चित्राखाली नाव लिहून घ्यायचं आणि पान उलटायचं. एखादं विचारायचं, "बाई, त्याची मान दुखत नाही का?" माझ्याकडे उत्तर असायचं, वेळ नसायचा. ते मला सोसवेना झालं. आई, ताराबाई मोडकांचं तूच सांगायचीस ना, राजकोटची प्राचार्याची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या. माझी त्यांच्याशी बरोबरी मुळीच नाही. पण तू ते किती वेळा आणि किती अभिमानाने सांगितलंस, तेव्हा आता रागावू नकोस.

त्या जिराफाचं उत्तर मी आता पूर्ण संध्याकाळ घेऊन देते. मुलांना आधी स्वतःच्या मानेवरून मागच्या बाजूने हात फिरवायला सांगते. तिथे सात मणके असतात. मग विचारते, जिराफाच्या मानेत किती असतील? कुणी पन्नास म्हणतं, कुणी शंभर. जिराफाच्याही मानेत सातच असतात, फक्त एकेक मणका वीतभराहून लांब. मग सात रिकाम्या काड्यापेट्या घ्यायच्या, दोन्ही बाजूंनी मधोमध दाभणाने भोक पाडायचं (हे मी करते, मुलांच्या हातात दाभण देत नाही), जाड दोरा ओवायचा आणि प्रत्येक पेटीनंतर एक गाठ. गाठ पेटीला अगदी टेकवायची नाही, गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडायची. फट नसेल तर मान काठीसारखी ताठ राहते, फट जास्त झाली तर लोंबते. एका मुलीने तीनदा गाठी सोडून पुन्हा बांधल्या आणि मान हवी तशी वाकल्यावर कुणाशी न बोलता ती बाजूला घेऊन बसली.

जिराफ झाल्यावर घुबड येतं. घुबडाच्या मानेत चौदा मणके, आपल्या दुप्पट. त्याचे डोळे गोल नसतात, नळीसारखे असतात आणि खोबणीत घट्ट बसलेले, ते फिरवता येत नाहीत. म्हणून बिचाऱ्याला अख्खी मान फिरवावी लागते आणि ती जवळजवळ तीन चतुर्थांश वर्तुळ फिरते. चौदा बटणं दोऱ्यात ओवून वर पुठ्ठ्याचं डोकं लावलं की मुलं ते फिरवत बसतात. मग काड्यापेट्यांची मान तशी फिरवून बघतात, ती अडते. मला वेगळं काही समजावून सांगावंच लागत नाही.

हे सात मणके सांगताना आई, मला दर वेळी तुझी मान दिसते. पट्टा लावतेस का? भाजी निवडताना आणि संध्याकाळी वाती वळताना लावायचाच, मालिका बघताना नाही लावलास तरी चालेल. उशी पातळ घे. ती कापसाची जुनी उशी आता काढून टाक, नवी मी पाठवली आहे ती कपाटात ठेवायला नाही पाठवली.

मगरीचं ऐकून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि नदी आमच्यापासून लांब आहे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या तेव्हा तू दिवसभर फोन करत होतीस, ते मी विसरलेली नाही. पण इथल्या मुलांना मगर पुस्तकातली नाही, ती त्यांच्या गावच्या नदीत राहते. त्या पुरानंतर काही मुलं रात्री दचकून उठायची, आयांनीच मला सांगितलं. म्हणून मगर मी सगळ्यात नीट करून घेते.

कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा हिरवा रंगवायचा, वर डोळे चिकटवायचे, जाड कागदाचे दात कापायचे. दात आतून न लावता बाहेरून लावायचे. मगरीचं तोंड मिटलेलं असलं तरी खालचा एक मोठा दात बाहेर दिसतो, म्हणून. चिमट्याचं तोंड स्प्रिंगने आपसूक घट्ट मिटतं, उघडायला आपल्याला दाबावं लागतं. खऱ्या मगरीचंही तोंड मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे आणि उघडणारे अगदी कमजोर. तिला पकडणारी माणसं म्हणूनच आधी तिचं तोंड चिकटपट्टीने बांधून टाकतात. काठावर ती जबडा वासून पडलेली दिसते ती रागावलेली नसते, उन्हात अंग निववत असते. आणि पाणपक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत आपल्याकडच्या मगरी नाकाडावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहतात. घरट्यासाठी काटकी उचलायला पक्षी आला की झडप. हे ऐकून मुलं "आँ!" करतात. नदीच्या काठाला एकट्याने जायचं नाही, हे मग त्यांना दोनदा सांगावं लागत नाही.

शेवटी क्रेप कागदाचं बोटभर पिल्लू करायचं आणि चिमट्याच्या जबड्यात धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, जमिनीवर निळ्या खडूने काढलेल्या पाण्यात सोडायचं. पिल्लू चुरगळता कामा नये. मगरी आपली पिल्लं अशीच तोंडात धरून पाण्यापर्यंत नेतात, आणि आपल्याकडच्या मगरींमध्ये नरसुद्धा हे काम करताना पाहिलेले आहेत. हे सांगितलं आणि बाबा, माझा आवाजच बसला. कांजिण्यांत मला चादरीत गुंडाळून तुम्ही रामबागेतून डॉक्टरांकडे चालत नेलं होतं. रस्ताभर प्रत्येक वळणावर "आता आपण हत्तीच्या पायरीशी आलो, आता उंटाच्या पायरीशी" असं सांगत होतात, खाज विसरावी म्हणून. नंतर मी अंथरुणात होते तेव्हा जुन्या कॅलेंडरची पानं दुमडून एका कापणीत हत्तींची माळ काढून दिली होतीत. शेपटीला सोंड जोडलेली. तशी माळ मी अजूनही इतक्या सफाईने कापू शकत नाही. माझा शेवटचा हत्ती दर वेळी सुटतो. घडीवर नेमकं कुठे कापायचं नाही, ते मला कागदावर काढून पाठवा.

उत्तरायणानंतर मुलं फाटके पतंग घेऊन आली होती. त्या कागदाची फुलपाखरं फार सुरेख होतात, उजेडात धरली की रंग खुलतात. पंख हाताला लागले की जी भुकटी उरते ते त्याचे बारीक खवले असतात, म्हणून खऱ्या फुलपाखराला हात लावायचा नाही. आणि ते चव पायांनी घेतं, पानावर उतरल्या उतरल्या त्याला कळतं की इथे अंडी घालावीत की नाही. पतंगाबरोबर झाडांत अडकलेला मांजाही निघाला. तो मोठ्यांनी काढला, मुलांनी लांबून मोजणी केली, आणि गुंडाळून कापून टाकला. मांज्याने इथे दर वर्षी पक्षी जखमी होतात. मुलांनी ते पाहिलेलं असतं, सांगावं लागत नाही.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाकडे वाहत आला होता तो. सुमारे सत्तर फूट. एवढी सुतळी सोसायटीच्या रस्त्यावर अंथरली आणि मुलं तिच्यावर हात पसरून उभी केली, तर मुलं संपली, सुतळी उरली. तुम्ही आलात की बाबा, आपण तो खरा सांगाडा बघायला जाऊ. सकाळी जाऊ, आत बसायला जागा आहे, घाई करायची नाही.

चिकटवायला मी खळ वापरते, तुमच्या पद्धतीची. कणीक गार पाण्यात आधी नीट कालवायची, मग मंद आचेवर, पांढरेपणा जाऊन ती थोडी पारदर्शक दिसायला लागेपर्यंत ढवळायची. मोरचूद मात्र घालत नाही. लहान मुलं बोटं तोंडात घालतात आणि मोरचूद विषारी. त्यामुळे ती दोन दिवसांत आंबते, पण रोज ताजी करायला मला काही कष्ट पडत नाहीत. खोलीभर तोच वास असतो. तुम्ही वह्या बांधायचात तेव्हा मी शेजारी बसून भांड्याच्या कडेची वाळलेली खळ खरवडत असायचे, आई ओरडायची.

तुम्हाला वाटेल, एवढं शिकवलं आणि ही काड्यापेट्या ओवते आहे. असं मनात आणू नका. तुम्ही शिकवलंत म्हणूनच मला माहीत आहे की काय सांगायचं आणि कुठे थांबायचं. तुमच्या कष्टांचं काही वाया गेलेलं नाही. आणि उद्या खरंच जमलं नाही तर माझी बी.एड. कुठे जात नाही, शाळा पुष्कळ आहेत. मंदामावशीला मात्र इतक्यात सांगू नका. मीच सांगेन.

आता ऐका. बाबा, रविवारी पोह्यांबरोबर जिलबी बंद. अर्धीसुद्धा नाही. जेवणाआधीची साखर आणि जेवणानंतरची साखर, दोन्ही त्या वहीत लिहायच्या, आणि आकडा दोनशेच्या वर दिसला तर डॉक्टरांना फोन, उद्यावर टाकायचं नाही. पावलं रोज रात्री उजेडात बघायची, बोटांच्या मधेसुद्धा. आईने चष्मा लावून बघायची. सकाळी अंधारात फिरायला जाऊ नका, उजाडल्यावर जा. गिझरचा माणूस शनिवारी येईल, पैसे मी दिले आहेत, त्याला पुन्हा देऊ नका. पैशांवरून आठवलं, मला पैसे पाठवायचे नाहीत. बाबा, तुम्ही पाठवाल हे मला माहीत आहे. पाठवलेत तर मी परत करीन.

पाठवायचंच असेल तर रिकाम्या काड्यापेट्या पाठवा. इथे सगळ्यांकडे लायटर, पेट्या मिळत नाहीत, आणि आपल्याकडे देवघरात त्या साठतात. जुन्या लग्नपत्रिकाही हव्या आहेत, त्यांचा पुठ्ठा घुबडाच्या डोक्याला उत्तम. त्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या दादाला बोलवा, तो काढून देईल. आई, तू खाली उभी राहून "डावीकडे बघ, उजवीकडे बघ" करत मान वर करू नकोस. पेटी कुठे आहे ते त्याला आधीच सांग. दादा पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी इकडे येणार आहे, त्याच्याजवळ पिशवी द्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी चिकूला घेऊन येते आणि परतताना तुम्हा दोघांना इकडे आणते. तिकिटं काढली आहेत, खालचे बर्थ मिळाले आहेत. नाही म्हणू नका.

तुमची,
चिमी

ता. क. पत्र मिळाल्यावर फोन करा. पण दुपारी चारच्या आधी किंवा सातनंतर. मधल्या वेळात मुलं असतात आणि माझे हात खळीत असतात.