थॉरचं पुराण आणि तुझी जांभई

प्रिय सुऱ्या,

फोन मीच आपटला, मान्य. पण तू पण काय बोललास रे, "थॉरची ती सगळी पानं काढून टाकली तरी गोष्टीला काही होत नाही, नुसतं पुराण लावलंय." वर जांभई दिलीस, फोनवर ऐकू आली मला. आपण कॉलेजात असल्यापासून 'ऑर्डर ऑफ द स्टिक' हे इंटरनेटवरचं कॉमिक वाचतोय, ज्यात हा थॉर देव जगाची कहाणी सांगतो, लॅबमध्ये प्रोग्रॅम रन होतोय असं दाखवून खालच्या विंडोत हे उघडायचो, आणि आता तू मला सांगणार की ते काढणाऱ्या रिच बर्ल्यूला गोष्ट सांगता येत नाही?

तर त्यानंतर दोनच दिवसांनी जिन्यात पाय मुरगळला, प्लास्टर, तीन आठवडे घरी. ऑफिसची सुट्टी आणि पाय उशीवर. म्हटलं चला, सुऱ्याचं म्हणणं तपासूनच बघू, आणि पान नंबर एकपासून सुरू केलं. तेराशेच्या वर पानं आहेत आता, बाबा. अकरा दिवस लागले. त्यातले काही दिवस आई जेवायला हाका मारत होती आणि मी "हो आलो" म्हणून आणखी पाच पानं वाचत होतो, म्हणजे वय चाळीसकडे चाललंय पण प्रगती शून्य.

एक गंमत सांगतो. पहिलंच पान आठवतंय? डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे नियम बदलून नवीन आवृत्ती आली, ते ही काडीची माणसं एकमेकांना सांगतायत. म्हणजे २००३ साली या बाबानं सुरुवातच एक्स्पोझिशनची, म्हणजे पात्रांच्या तोंडून वाचकाला माहिती पुरवण्याची, टिंगल करून केली, आणि आज लोक त्याच्याशी त्याच एक्स्पोझिशनवरून भांडतायत.

आता मुद्द्यावर येतो. आधी तुझं बरोबर काय आहे ते सांगून टाकतो, म्हणजे तू मध्ये बोलणार नाहीस. अलीकडच्या बऱ्याच पानांत संवादाचे फुगे इतके भरलेत की खाली माणसं दिसतच नाहीत. काडीची माणसं ती, हातवारे तरी किती करणार, आणि डोक्यावर निबंध. तिकडे उत्तर ध्रुवावर सेरिनी, ती जुन्या वीरांमधली, भेटते तेव्हा तिला सगळं समजावताना मला पण वाटलं की बास, हिला कळलं, आम्हालाही कळलं, पुढे चला. आणि जेव्हा ती पानं ताजी ताजी येत होती तेव्हा तर अजूनच, कारण एकेकाळी आठवड्याला तीन पानं यायची ती नंतर कधी येतील याचा नेम राहिला नव्हता. इतके दिवस वाट बघायची आणि पान उघडलं की समोर कोण तर आपल्याला आधीच माहीत असलेलं सांगणारा माणूस. चिडचीड होणारच. मी पण चिडलो होतो, तू विसरला असशील.

पण सलग वाचताना तीच पानं दहा मिनिटांत गेली रे. डोळे फिरत गेले, थांबलोच नाही, उलट बरं वाटलं की कोणीतरी धागे परत हातात दिले. म्हणजे हे दोन वेगळे वाचक आहेत. एक आपण, थेंब थेंब पिणारे, आणि दुसरे ज्यांना आख्खा हंडा एकदम मिळालाय. आणि २०१२ सालची ती किकस्टार्टरवरची ऑनलाइन वर्गणी आठव, जुनी पुस्तकं परत छापायला ५७,७५० डॉलर मागितले आणि साडेबारा लाखांच्या वर जमले, जवळपास पंधरा हजार लोकांनी दिले. पुस्तक हातात आलं की माणूस सलगच वाचणार. मग लेखकानं कुणासाठी लिहायचं? वर्तमानपत्रातल्या चित्रमालिका करणाऱ्यांचं सोपं होतं, पहिल्या चौकटीत कालचं सांगून टाकायचं आणि मग पुढे. ते पुस्तकात एकत्र छापलं की दर तीन चौकटींनंतर तेच ते, वाचवत नाही. आपले कीर्तनकार बरे, काल कोण आलं होतं आणि आज कोण नवीन आलंय ते त्यांना समोर दिसतं.

बाय द वे, 'होमस्टक' या दुसऱ्या वेबकॉमिकवाल्या अँड्र्यू हसीनं यावर भारी तोडगा काढला होता. स्वतःच चित्रात येऊन बसला आणि "तर आत्तापर्यंत काय झालं" असं सांगायला लागला, आणि त्या मजकुरात जागोजागी मागच्या पानांच्या लिंका. मी ते वाचून जास्तच गोंधळलो, पण हसलो मात्र खूप.

बरं, आता खरी गोष्ट. घरी भाची आलेली, नववीत आहे, मामाचा पाय बघायला आली आणि मामाचा टॅबलेट घेऊन बसली. तिला सुरू करून दिलं. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणते, "मामा हा स्नार्ल कोण? मध्येच आला." म्हटलं अगं एवढी पाच पानं आहेत त्याच्यावर, शोजो सांगतो ना. तर म्हणे ती लहान मुलांच्या खडूनं काढलेली पानं? ती मी सोडली, मला वाटलं जाहिरात आहे.

मी कपाळावर हात मारला. पण मग तिला ती परत वाचायला लावली आणि तिच्या बाजूला बसून मीही वाचली, आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती क्रेयॉनची पानं कोण सांगतोय बघ. शोजो. अझूर सिटीचा म्हातारा सत्ताधीश, वेड लागल्याचं सोंग घेऊन मांजर मांडीवर घेऊन बसलेला, खटलाही नाटकी, सगळं कशासाठी तर रॉयला, म्हणजे नायकांच्या टोळीच्या म्होरक्याला, आपल्या कामाला लावायचं. आणि तो सांगतो की देवांनी भांडताना एक जग बनवलं, त्या भांडणातून स्नार्ल जन्मला, त्यानं ग्रीक देव मारले आणि ते जग खाल्लं, मग उरलेल्या देवांनी हे दुसरं जग बनवून त्याला आत कोंडलं. आपण मान डोलावली. इतकी वर्षं तेच खरं धरून चाललो.

मग टोळीतल्या जादूगार व्ही चा कावळा ब्लॅकविंग स्नार्लच्या तुरुंगाला पडलेल्या भेगेत बघतो तर आत आख्खा ग्रह. शोजोच्या गोष्टीत हे कुठंच नव्हतं. मग रेडक्लोक, खलनायकाच्या बाजूचा गॉब्लिन पुजारी. त्याची बाजू 'स्टार्ट ऑफ डार्कनेस' मध्ये येते, ते २००७ चं पुस्तक आपण वर्गणी काढून मागवलं होतं आणि तू त्यावर चहा सांडलास. त्यात गॉब्लिन लोकांचं म्हणणं असं की देवांनी आपल्याला बाकीच्यांच्या हातून मरायलाच बनवलं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यांना अनुभवाचे चार पॉइंट मिळावेत म्हणून. तेच जग, तेच देव, सांगणारा वेगळा. आणि मग सगळ्यात शेवटी तुझा जांभईवाला थॉर. मेलेल्या डर्कनला, म्हणजे टोळीतल्या त्याच्या बुटक्या पुजाऱ्याला, बसवून तो सांगतो की बाळा, हे दुसरं जग नाही, अशी मोजता येणार नाहीत इतकी जगं झाली आणि गेली, आणि यावेळी पहिल्यांदाच स्नार्लला नीट कोंडायला लागणारा चौथ्या रंगाचा, म्हणजे वेगळ्या शक्तीचा, देव सापडलाय, तो गॉब्लिनांचा डार्क वन.

सुऱ्या, हे ऐकून तुला जांभई आली?! शोजोनं सांगितलेलं सगळं तिथं उलटं झालं. या कॉमिकमध्ये मागचं सांगतो तो प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच सांगतो, कुणी लपवतो, कुणाला स्वतःलाच अर्धं माहीत असतं, आणि पुढचा येऊन त्याला खोटं पाडतो. त्याला पुराण म्हणून सोडून दिलंस तर मग डर्कन पुढे रेडक्लोकसमोर जातो ती भेट नुसती दोन पुजाऱ्यांची मारामारी वाटेल तुला. एकाच्या हातात थॉरची गोष्ट, दुसऱ्यानं आपल्या गोष्टीपायी सख्ख्या भावाला मारलंय, आता तो कसा म्हणणार की हो बाबा, तुझं खरं. आणि ही भावाची गोष्ट विकतच्या पुस्तकात. ज्यानं ते घेतलं नाही त्याला फुकटच्या पानांत थोडं तरी सांगावं लागणारच ना, आणि ते सांगितलं की आपण पुस्तकवाले ओरडणार, आम्हाला माहितीये, आम्हाला माहितीये. आपणच हावरट आहोत असं माझं मत झालंय.

अजून एक. टोळीतला बेल्कर वर्ष संपायच्या आत शेवटचा श्वास घेणार असं तो ओरॅकल, म्हणजे भविष्य सांगणारा, सांगतो, ते आपण कॉलेजात असताना. आपली लग्नं झाली, तुझं पोट सुटलं, आणि तिकडे अजून तेच वर्ष चालू आहे. त्यांच्यासाठी हे सगळं काही महिन्यांत घडलंय, त्यांना रिकॅप, म्हणजे मागची उजळणी, लागतच नाही, लागतो आपल्याला. आणि कहर म्हणजे त्या ओरॅकलच्या दरीतून बाहेर पडलं की तिथं जे घडलं ते सगळं विसरायला होतं, फक्त आपल्या प्रश्नाचं उत्तर लक्षात राहतं. आपल्यासारखंच, वाट बघून बघून.

तू म्हणालास दोन वर्षं सोडलंयस, म्हणून म्हटलं मीच तुला रिकॅप देतो. लिहू म्हटलं चार ओळी. हे बघ: स्नार्लला कोंडून ठेवणारे पाच दरवाजे होते, लिरियनचा गेला, डोरुकनचा आपल्या टोळीतल्या एलननं उडवला, अझूर सिटीचा मिकोनं फोडला, वाळवंटातला जिरार्डचा रॉयनं स्वतः तोडला, आता उरला एकच, क्रागरचा, तो तिकडे बर्फात, खलनायक झायकॉन पण तिथंच. झालं. लिहून परत वाचलं तर त्यात डर्कन नाही, व्ही नाही, हेलीचा बाप नाही, तुझा लाडका बेल्कर तर नाहीच. नुसती फुटलेल्या दरवाजांची यादी. मग व्ही घालायला गेलो तर त्या तीन आत्म्यांचा सौदा सांगावा लागतो, तो सांगायचा तर काळा ड्रॅगन, आणि मग पान भरलं, मी खोडलं. भाची शेजारून म्हणते, "मामा, चित्र काढून पाठव ना, खडूनं." मी काढलं पण. रॉय ओळखू येतो कारण टक्कल आहे, बाकी सगळे सारखेच दिसतात. सोबत जोडलंय, हसू नकोस.

तर तू नक्की कुठं सोडलंस तेवढं कळव, जहाजावर की बुटक्यांच्या गावात, म्हणजे त्याच्या पुढचं आणखी काही माझ्या तोंडून निघणार नाही. प्लास्टर पुढच्या गुरुवारी काढतायत, तोवर मी घरीच आहे, कधीही फोन कर. वहिनींना सांग आंब्याचं लोणचं संपलं.

तुझा,
अव्या