चार पायऱ्या आणि दोनशे बावीस पायऱ्या

नौपाडा, ठाणे
११ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

तुझा शेवटचा व्हॉइस मेसेज नऊ मिनिटांचा होता. त्यातली सात मिनिटं तू मला शिव्या घातल्यास आणि उरलेली दोन मिनिटं वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या होत्या. 'पक्या, तू म्हातारा झालास, तुला आता सिनेमातली मारामारी झेपत नाही,' हा एकूण मुद्दा. मोबाइलवर भांडायला माझा अंगठा पुरत नाही, म्हणून कागद घेतला.

म्हातारा झालो हे खरं, पण वयाने नाही, जिन्याने. ऑगस्टात सकाळी दूध आणायला स्लिपर घालून निघालो होतो. जिना ओला होता, शेवटच्या चार पायऱ्या बसूनच उतरलो. फक्त चार, बंड्या! गुडघ्याचं लिगामेंट गेलं. सहा आठवडे पट्टा, मग फिजिओ, मग हिचं 'मी सांगत होते'. तेव्हापासून पडद्यावर कोणी तिसऱ्या मजल्यावरून गाडीच्या टपावर पडून लगेच पळायला लागला, की माझा गुडघा आपोआप ठणकतो.

त्या सहा आठवड्यांत सोफ्यावर आडवा पडून २०२३चा चौथा 'जॉन विक' पुन्हा बघितला. पॅरिसचा तो लांबलचक जिना आठवतो ना, साक्रे-कर चर्चकडे जाणारा? २२२ पायऱ्या आहेत. बिचारा हिरो, म्हणजे कियानू रीव्ह्ज, कसाबसा वर पोचतो, तिथून लाथ बसते आणि गडगडत थेट तळाला. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. थेटरात तेव्हा आपण हसलो होतो. या वेळी हसलो नाही. तो उठताना कुठे हात टेकतो, कुठला पाय आधी टाकतो, हे मी अगदी धंदेवाईक नजरेने बघत होतो. दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की मुळात स्टंटवाला, 'मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्ह्जच्या जागी तोच आपटत होता. आपटलेल्या माणसाला आपटणं कसं दाखवायचं ते कळतं.

माझी तक्रार एवढीच आहे रे. रक्त कमी दाखवा, असं मी कधी म्हटलं? मार लागला पाहिजे. मारणाऱ्यालाही आणि खाणाऱ्यालाही. आणि कोण कुठे उभा आहे, दार कुठल्या बाजूला आहे, हे मला कळलं पाहिजे. हल्ली सेकंदाला दोन शॉट बदलतात, कोणाचा हात कोणाच्या तोंडावर बसला ते कळत नाही, आणि नुसता 'धाड' आवाज येतो. गरब्यात चेंगराचेंगरी व्हावी तसं.

म्हणून मला 'किल' आवडला. तू अजून बघितला नाहीस हे मी माफ करू शकत नाही. जुलै २०२४ला आला. तेव्हा इथे घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये रात्रीच्या खेळाला आम्ही मोजून अकरा जण होतो. दिग्दर्शक निखिल नागेश भट, हिरो लक्ष्य नावाचा नवा पोरगा, आणि अख्खा सिनेमा दिल्लीला निघालेल्या राजधानी एक्स्प्रेसमध्ये. बर्थ, पडदे, दोन डब्यांमधली ती हलणारी जागा, संडासाबाहेरचा बोळ, भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं. हात मागे नेऊन ठोसा मारायलाच जागा नाही. आयुष्यभर ठाण्याहून सकाळची फास्ट पकडलेल्या माणसाला हे जेवढं कळेल तेवढं स्वित्झर्लंडवाल्याला कळायचं नाही! डब्यात कोपर कुठे घुसवायचं हे आपलं शास्त्र आहे.

आणि त्यातले दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. काका, पुतण्या, भाऊ. एक मेला की दुसरा खरंच रडतो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेही निम्मा सिनेमा होत आल्यावर, आणि ते का येतं हे मी सांगणार नाही. तिथून पुढे आपला हिरो इतका पिसाळतो, की आपण मनातल्या मनात दरोडेखोरांच्या बाजूला सरकतो. असं मला दुसऱ्या कुठल्याही हिंदी मारधाडपटात झालेलं नाही.

आता तुझा लाडका 'अ‍ॅनिमल'. अर्धा आवडला. घे, कबूल केलं. हॉटेलातली ती मुखवटेवाल्यांशी मारामारी, हातात कुऱ्हाड, समोर माणसं संपता संपत नाहीत, आणि रणबीरला दम लागतोय. त्यातच उपेंद्र लिमये, ती अवाढव्य बंदूक, आणि मागे अजय-अतुलचं 'डॉल्बीवाल्या'. इथे ठाण्यात ते गाणं लागल्यावर काय झालं म्हणून सांगू! पुढच्या रांगेतल्या पोरांनी विसर्जन मिरवणूकच काढली. मीपण शिट्टी मारली, चिरंजीवाने मान खाली घातली. पण घरी येताना लक्षात आलं, की बंदूक आल्यावर मारामारी संपली होती, नुसती गोळाबेरीज चालली होती. कुऱ्हाडीला दम लागतो, मशिनगनला लागत नाही. आणि त्यानंतर सिनेमा कितीतरी वेळ चालतो, एकूण ३ तास २१ मिनिटं. हिरो बायकोशी जे वागतो त्याबद्दल हिचं मत मी पत्रात लिहू शकत नाही, पोस्टमनही वाचतो.

'वॉर २'बद्दल दोनच ओळी. हृतिक, एनटीआर, गाड्या, डोंगर, सगळं भारी, आणि कशालाच वजन नाही. कॉम्प्युटरवर पडलेल्या माणसाला कोण हळद-दूध देणार?

'छावा'चं मात्र तुला हळूच सांगतो, सोलापुरात कोणापुढे बोलू नकोस. गेल्या फेब्रुवारीत आम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन गेलो. शेवटच्या अर्ध्या तासात मी रडलो, ही रडली, शेजारचा अनोळखी गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला. संपल्यावर सहा-सात वर्षांच्या एका पोराने खुर्चीवर उभं राहून गारद दिली आणि अख्खं थेटर उभं राहिलं. विकी कौशलने जीव ओतलाय. पण मारामारी म्हणून बघशील तर गनिमी काव्याचे तुकडे तेवढे खरे चांगले. झाडावरून, पाण्यातून, जमिनीतून माणसं निघतात आणि शत्रूला कळायच्या आत गायब. तसं आणखी हवं होतं. बाकी ठिकाणी प्रत्येक वार इतका सावकाश, की तेवढ्यात मोगलाने चहा घेतला असता. आपल्याकडे रडू आलं की बाकीचं सगळं माफ असतं. मीही केलं.

डिसेंबरात 'धुरंधर'. ३ तास ३४ मिनिटं! माझ्या फिजिओने सांगितलंय की पाऊण तासाच्या वर एका जागी बसायचं नाही, म्हणून मी कडेची खुर्ची घेतली आणि चार वेळा उठून भिंतीशी उभा राहिलो. मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण काय सांगू, उठलो तरी नजर पडद्यावरच. रणवीर आहे, कराचीची ल्यारी वस्ती आहे, पोटात कालवेल अशी हिंसा आहे, पण सिनेमा अक्षय खन्ना घेऊन जातो. तो गृहस्थ काही करत नाही. बसतो, बघतो, मधेच त्या बहारीनच्या गाण्यावर दोन पावलं नाचतो, आणि आपल्याला घाम फुटतो. राजकारणावर आपण भेटल्यावर भांडू, ते कागदावर नको.

त्याच्याच पुढच्या आठवड्यात, १२ डिसेंबरला, 'शोले' पुन्हा लागला. पन्नास वर्षांनंतर मूळ शेवटासकट. १९७५ साली सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट, ज्यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला खरोखर मारतो. मारून झाल्यावर तो जिंकल्यासारखा उभा राहत नाही रे, ढसाढसा रडतो. इतकी वर्षं आपण पोलीस येऊन थांबवतात ते बघत आलो आणि 'न्याय झाला' म्हणत उठलो! मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो थोडा वेळ. आणि त्यातली ती आगगाडीवरची लढाई आपल्या पनवेलच्या बाजूला झाली, सात आठवडे लागले म्हणतात, ब्रिटनहून स्टंटवाले आणले होते. घोडे खरे, रूळ खरे, पडणारी माणसं खरी.

पडणाऱ्या माणसांवरून आठवलं. गेल्या जुलैत तमिळनाडूत शूटिंगमध्ये गाडी उलटवताना एस. एम. राजू हा स्टंटवाला गेला. तो व्हिडिओ मला कोणीतरी पाठवला होता, 'बघ काय डेंजर' म्हणून. मी बघितला आणि मग दोन दिवस वाईट वाटत राहिलं, बघितला याचं. ऑस्कर म्हणे स्टंटसाठी २०२८च्या सोहळ्यापासून बक्षीस देणार आहे. शंभराव्या वर्षी सुचलं! आणि म्हणूनच 'मार लागला पाहिजे' हे वाक्य मी लिहिलं खरं, पण आता वर जाऊन वाचलं तर जरा टोचलं. खरा मार नकोच आहे मला. तो लागल्यासारखा वाटायला हवा, आणि लागू नये याची कोणीतरी नीट काळजी घेतलेली असावी. टॉम क्रूझ साठीत विमानाच्या पंखाला लोंबकळतो, पण त्याच्या दोराची गाठ तपासणारी माणसं किती असतील? आपल्याकडच्या स्टंटवाल्यांना ते कितपत मिळतं, हे विचारावंसं वाटतं.

असो. पत्र लांबलं, ही जेवायला हाका मारतेय.

'धुरंधर'चा दुसरा भाग १९ मार्चला आहे, नेमका गुढीपाडवा. तू आदल्या दिवशी ये. सकाळी गुढी उभारू, मग मामलेदारची मिसळ (तिखट तूच खा, मला डॉक्टरांनी तेही बंद केलंय), आणि दुपारचा खेळ. वहिनींनाही आण, दोघी आपल्याला नावं ठेवतील, करमेल त्यांना. तिकिटं मी काढतो. पॉपकॉर्न तू घे, त्या किमतीत मी महिन्याचं फिजिओ करतो. कडेची खुर्ची माझी, आणि मी उठलो की मागच्या लोकांशी तू बोलायचं.

तुझाच,
पक्या