नाण्यांच्या कॅटलॉगच्या चोरट्या प्रती

संपादक महोदय,

नाण्यांच्या संदर्भ-कॅटलॉगच्या चोरट्या पीडीएफ सर्रास फिरत आहेत. त्यावर विसंबून नाणे ओळखायला गेलेला नवशिका हमखास फसतो. छापील कॅटलॉगात बरीच छायाचित्रे मूळ आकारात असतात. स्कॅन ‘पानात बसवून’ छापला की 22 मिमीचे नाणे 20 मिमीचे दिसते. 150 डीपीआयच्या (इंचाला 150 पिक्सेल) स्कॅनमध्ये 1 मिमीच्या टांकसाळ-चिन्हाच्या (नाणे कुठल्या टांकसाळीत पाडले ते सांगणारी खूण) वाट्याला जेमतेम 6 पिक्सेल येतात. ठिपका की चौकट, ओळखणार कसे? मजकूर शोधता यावा म्हणून संगणकाकडून वाचून घेतला, तर 3 चा 8 होतो आणि दुर्मीळ वर्ष सामान्य ठरते. शुद्धिपत्राचे पान बहुधा गायबच.

खरा फटका बसतो तो लेखकाला. एकेका प्रकाराचे वजन, ठसे ताडून पाहण्यात त्याची वर्षे जातात आणि खप मोजक्याच प्रतींचा. तोही बुडाला की सुधारित आवृत्ती निघत नाही, नव्याने सापडलेल्या बनावट नाण्यांची नोंद राहून जाते.

नवी आवृत्ती परवडत नसेल तर आधीची जुन्या पुस्तकांत शोधावी. तिच्यातल्या किमती शिळ्या असतील, पण नाण्यांची वर्णने सहसा शिळी होत नाहीत. शिवाय ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी यांच्या संग्रहांच्या नोंदी त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत पाहता येतात, बऱ्याचदा वजनासकट.

– एक नाणेसंग्राहक