कांगलचं पिल्लू आणण्याआधी

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

शेळ्यांच्या राखणीला कांगलचं पिल्लू आणायचं तुझ्या मनात आहे, असं जावईबापूंकडून कळलं. जात खरंच चांगली आहे. तुर्कस्तानात शिवास प्रांतात कांगल नावाचा भाग आहे, तिथली ही कुत्री. अंग फिकट पिवळसर, तोंड आणि कान काळे. नर खांद्यापाशी 72 ते 78 सेंटीमीटर, वजन 48 ते 60 किलो. तिकडचे मेंढपाळ त्याच्या गळ्यात काट्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण लांडगा नरडंच धरायला बघतो. पण आकाराला भुलू नको बाई. ओसरीवर लाडात वाढलेला कांगल ओसरीच राखतो. शेळ्या राखायच्या तर त्यानं शेळ्यांतच वाढायला पाहिजे.

म्हणून पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की सरळ गोठ्यात ठेव. एका कोपऱ्यात बांबूचा कूड घाल आणि खाली फक्त पिल्लू शिरेल एवढी फट सोड. नुकतीच व्यालेली शेळी ढुसण्या देते, तेव्हा त्याला पळायला जागा हवी. त्याचं खाणंही तिथंच ठेव, म्हणजे शेळ्या तोंड घालणार नाहीत. सोळा आठवड्यांपर्यंत जे अंगवळणी पडतं तेच पुढे टिकतं. या दिवसांत रोज त्याचे कान, दात, पाय हातानं तपास. नाहीतर मोठेपणी डॉक्टरला जवळ येऊ देणार नाही.

चौथ्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ सगळ्यात अवघड. करडांमागं धावतं, त्यांचे कान चावतं, पाय ओढतं. त्याचा तो खेळ, पण करडू जिवानिशी जातं. इथंच लोक वैतागून साखळीला बांधतात आणि कुत्रा वाया जातो. बांधलेला कुत्रा चवताळतो, राखण शिकत नाही. त्यापेक्षा ओढाळ गुराला घालतो तसं हलकं लोढणं गळपट्ट्याला बांध, पुढच्या गुडघ्यांच्या उंचीवर. चालताना अडत नाही, पिल्लू धावलं की लोढणं त्याच्या गुडघ्यांवर आपटतं. आणि करडांजवळ एकटं सोडू नको. पूर्ण भरवसा दोन वर्षांनंतरच.

उन्हाचं म्हणशील, तर नामिबियासारख्या कोरड्या मुलखात चीता कन्झर्वेशन फंड ही संस्था 1994 पासून याच वंशाचे कुत्रे शेतकऱ्यांना देते. तरी आपला 45 अंशांचा मे महिना वेगळाच. दुपारी कळपाबरोबर पाठवू नको. निंबाची सावली आणि पाणी पाहिजेच. केस भादरू नको, नुसते विंचर. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगभर ओत, वारा घाल आणि लगेच डॉक्टर गाठ.

मोठ्या कुत्र्याला सुकं खाद्य दिवसाला साधारण 600 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. एकदम पोटभर खाऊन धावलं तर पोट फुगून पिळा पडतो आणि काही तासांत कुत्रा जातो. वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम देऊ नको, हाडं बिघडतात. शेळीची कच्ची मुंडी, भेजा, काळीज कधीच घालू नको. त्यातून कुत्र्याच्या पोटात चपटे जंत होतात, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि शेळीच्या मेंदूत फोड होतो. मग ती एकाच जागी गरगर फिरत राहते. दर तीन महिन्यांनी प्राझिक्वान्टेल असलेली जंतांची गोळी दे. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे दरवर्षी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वाघापुढं कुठलाच कुत्रा टिकत नाही, आणि बिबट्या तर कुत्र्यालाच उचलतो. तेव्हा पैसा आधी वरूनही जाळी असलेल्या गोठ्यात घाल. रात्री कुत्रासुद्धा आतच. कोल्हा, लांडगा, भटकी कुत्री यांच्यापुढं कांगलची खरी किंमत कळते, आणि एकापेक्षा दोन बरे.

12 मार्च 2024 च्या पत्रानं केंद्रानं राज्यांना माणसाला धोकादायक मानलेल्या कुत्र्यांच्या 23 जातींचे परवाने आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं, त्यात कांगलही होता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. तरी बयाणा देण्याआधी तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजचा नियम विचारून घे.

तुझे बाबा