नाकाच्या शेंड्याएवढी काच

श्टुटगार्ट

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

सावद्याहून येताना ट्रकमागून खडी उडाली आणि तुझ्या मोटरसायकलची पुढची काच फुटली, हे आईनं सांगितलं. तुला लागलं नाही ऐकून जीव भांड्यात पडला. आता तू सगळ्यांत उंच काच बसवणार आहेस म्हणे. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी तेच केलं होतं. डोळ्यांच्याही वर जाणारी काच घेतली, म्हटलं वारा लागायला नको. पुढे श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात, बी 500 रस्त्यावर, संध्याकाळी पावसानं गाठलं. गाडीच्या काचेला वायपर नसतो. समोरच्या गाड्यांचे दिवे प्रत्येक थेंबात फुटत होते आणि रस्त्याची कड काही दिसेना. हेल्मेटची काच हातमोज्यानं पुसता येते, ही येत नाही. त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो.

आणि वाराही थांबला नव्हताच. शंभरच्या पुढे हेल्मेट थडथडायचं, घरी येईतो मान धरायची. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो, मग वरून जाणारी हवा भोवरा घेऊन आत वळते आणि डोक्यावर आदळते. मागे बसणाऱ्याला त्याहून जास्त. वहिनीला घेऊन तू कन्नड घाट चढतोस, तेव्हा हे लक्षात ठेव. आता माझी काच आखूड आहे, खाली हवा यायला फट आहे, आणि डोक्याला सरळ वारा लागतो. सरळ वाऱ्याचा त्रास होत नाही, भोवऱ्याचा होतो.

माप असं घे. खोक्याचा पुठ्ठा कापून काचेच्या जागी कागदी टेपनं चिकटव. हेल्मेट, बूट घालून रोजच्यासारखा बस, ताठ होऊन नको. आबांना गाडी धरायला सांग. पुठ्ठ्याची वरची कड नाकाच्या शेंड्याशी आली पाहिजे आणि पुढचा रस्ता कडेवरून दिसला पाहिजे. तिथं पेनानं खूण कर.

काच पॉलिकार्बोनेटचीच घे, म्हणजे चिवट प्लास्टिकची, वर कडक लेप असलेली. अॅक्रिलिक हे दुसरं प्लास्टिक दिसायला स्वच्छ, ओरखडेही कमी पडतात, पण दगड बसला की तडकतं. आपल्या खडीच्या रस्त्यांना ते नको. काळी तर अजिबात नको, रात्री केळीच्या बागांमधून येताना काय दिसणार?

बसवताना स्वतः उभा राहा. स्क्रूखाली रबरी बुश आणि नायलॉनचा वॉशर हवाच. मिस्त्री ताकदीनं आवळतात, मग भोकापासूनच चीर जाते. आणि पेट्रोलच्या फडक्यानं पुसू देऊ नकोस, पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक तडे जातात. किडे चिकटले तर ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेव, मग साबणाच्या पाण्यानं अलगद काढ. मे महिन्यात गाडी उन्हात उभी केलीस तर काचेवर कापड टाक. वाकलेली काच भिंगासारखी ऊन एकवटते, मीटरचं प्लास्टिक वितळू शकतं.

पुठ्ठ्याची उंची सेंटिमीटरमध्ये कळव, पैसे मी पाठवतो. दत्तजयंतीला येतोय, सारंगखेड्याच्या यात्रेला दोघं याच गाडीवर जाऊ. जाताना मी मागे बसेन, म्हणजे मागे वारा कसा लागतो ते मलाही कळेल.

आईला सांग, इथं वांगी मिळतात पण भरताची नाहीत.

बठ्ठासले रामराम.

तुझा,
दादा