तरुण दांपत्य गट : शनिवारच्या मेळाव्याची आठवण

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता आपण नेहमीच्या घरीच जमतोय. येण्यापूर्वी दोघांनी मिळून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सारांश सांगितला, असं चालणार नाही. मागच्या वेळी कोणी काय केलं ते चेहऱ्यांवरून कळलं होतं!

विषय आहे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. राहुट्या बनवून पोट भरणारं हे जोडपं. रोम सोडावं लागलं, करिंथात नव्याने बिऱ्हाड मांडलं, आणि त्याच घरात प्रेषित पौलाला ठेवून घेतलं. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा उपदेशक मोठ्या आवेशाने बोलत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा (पश्चात्तापाचा पाण्याचा विधी) ठाऊक होता. त्याला चारचौघांत न टोकता दोघांनी जवळ घेऊन नीट समजावलं. मला या अध्यायात सगळ्यात आवडतं ते हेच.

प्रत्येक जोडप्याने ५ मिनिटांत एकच प्रसंग सांगायचा: घरी आलेल्या कुणाशी विश्वासाबद्दल बोलणं कसं निघालं, किंवा निघता निघता कसं राहून गेलं. फसलेला प्रसंगही चालेल. दुसऱ्याचं खासगी दुःख मात्र नाव घेऊन सांगू नका, प्रार्थनेच्या निमित्तानेही नाही.

लेकरांना जरूर आणा. रडारड झाली तर आपण थांबू.

येणार की नाही, गुरुवारपर्यंत कळवा.

– गटप्रमुख